बिनछापाच्या वस्तू आणि त्यांचे योजक

कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत जपानमधील कापडचोपडाच्या एका दुकानावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आम्हालाही प्रथम वाटले होते. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढे जे काही वाचले ते जिनिंगच्या फाटकाबाहेर, संघटनेच्या कचेरीत आणि एस.टी.च्या प्रवासात. त्यामुळे सौंदर्यशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची तयारी नाही. पण वस्तू कोण घडवतो, तिच्यावर नाव कोणाचे पडते आणि पैसा कोठे जातो, हा प्रश्न आम्ही तीस वर्षे हाताळीत आलो आहोत. आणि हे दुकान त्याच प्रश्नावर उभे आहे.

प्रसंग साधाच घडला. आमच्या एका सभासदाचा मुलगा मुंबईला नोकरी करतो. त्याने दिवाळीला वडिलांसाठी एक सदरा आणला. वडिलांनी तो कचेरीत आणून सर्वांना दाखवला. सुती कापड, फिकट रंग, शिवण सरळ. परंतु खिशावर चिन्ह नाही की बटणावर अक्षर नाही. मंडळींनी तो उलटसुलट करून पाहिला. एकाने विचारले, "भाऊ, इतक्या पैशाचा सदरा, अन् त्याच्यावर नावच नाई? पोराले फसवलं वाटते." मुलगा म्हणाला, "नाव नसणं हेच त्या कंपनीचं नाव आहे." सर्वजण हसले; पण मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या कंपनीस जगभर 'मुजी' म्हणतात. तिचे मूळ जपानी नाव 'मुजिरुशी र्‍योहिन'. मुजिरुशी म्हणजे छाप किंवा खूण नसलेला, आणि र्‍योहिन म्हणजे चांगला माल. बिनछापाचा चांगला माल!

हे नाव कसे पडले ते प्रथम पाहू. जपानमध्ये सेइयू नावाची दुकानांची एक मोठी साखळी आहे. तिने १९८० च्या डिसेंबरात चाळीस वस्तू बाजारात आणल्या. त्यांपैकी एकतीस खाण्याच्या होत्या आणि नऊ घरवापराच्या. कपडे नंतर आले. त्या काळी जपानी ग्राहकास परदेशी छापांचे वेड लागले होते. पिशवीवर कोणाचे नाव आहे यावर माणसाची पत ठरू लागली होती. अशा वेळी या मंडळींनी उलटी वाट धरली. त्यांचे त्या वर्षीचे घोषवाक्य मराठीत सांगायचे तर असे होईल : स्वस्त आहे, आणि त्याला कारण आहे.

कारण काय, तेही ते सांगत. वाळवलेल्या अळंब्या विकताना व्यापारी फुटक्या बाजूला काढतो आणि अखंड तेवढ्या सुबक डब्यात भरतो. वास्तविक कालवणात पडताना अळंबीचे तुकडेच करावयाचे असतात. म्हणून यांनी फुटकी अळंबीच विकली. शेवया दांडीवर वाळत घातल्या म्हणजे दांडीवरचा वाकडा भाग कापून टाकावा लागतो. यांनी तो वाकडा भागही विकला. कागदाचा लगदा रसायनाने पांढराशुभ्र करण्याची पायरी वगळली. त्यामुळे कागद तांबूस राहिला आणि खर्च वाचला. माल निवडताना दिखाऊपणा नको, तो तयार करताना अनावश्यक प्रक्रिया नको, बांधताना अनावश्यक वेष्टन नको, ही त्यांची तीन सूत्रे. आपल्याकडील कोणत्याही काटकसरी गृहिणीस यात नवे काही वाटणार नाही. परंतु मोठ्या बाजारपेठेत हा धंद्याचा नियम व्हावा ही नवी गोष्ट होती.

या कल्पनेमागे चार नावे मुख्य होती. सेइयूचे चालक सेइजी त्सुत्सुमी हे मोठ्या उद्योगघराण्यातील. विद्यार्थिदशेत ते कम्युनिस्ट पक्षात होते, आणि पुढे उद्योग सांभाळीत असतानाच ताकाशी त्सुजिइ या टोपणनावाने त्यांनी कविता व कादंबऱ्या लिहिल्या. दुसरे चित्रकार व मुद्रणकलेतील जाणकार इक्को तानाका. तिसऱ्या जाहिरातींची भाषा लिहिणाऱ्या काझुको कोइके. चौथे दुकानाची अंतर्रचना योजणारे ताकाशी सुगिमोतो. १९८३ मध्ये तोक्योच्या आओयामा भागात त्यांचे पहिले स्वतंत्र दुकान निघाले, १९८९ मध्ये निराळी कंपनी झाली आणि १९९१ मध्ये लंडनला दुकान गेले. पुढे ते दुकान देशोदेशी पसरले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वस्तू हाताने घडण्यापूर्वी कोणीतरी ती मनात घडवलेली असते. बाही किती सैल ठेवायची, कपाचा कान कोठे लावायचा, खुर्चीच्या पाठीला किती कल द्यायचा, हे कोणीतरी ठरवलेले असते. त्यास इंग्रजीत डिझायनर म्हणतात. आम्ही येथे योजक म्हणू. इतर कंपन्या या योजकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात, कारण नावामुळे किंमत वाढते. मुजीने वस्तूवर योजकाचे नाव घालावयाचे नाही असे ठरवले. वास्तविक त्यांच्यासाठी काम केलेल्यांत इटलीचे एन्झो मारी, इंग्लंडचे जास्पर मॉरिसन आणि सॅम हेक्ट, जर्मनीचे कोन्स्टान्टिन ग्रचिच असे जगप्रसिद्ध लोक आहेत. त्यांची नावे पुढे प्रदर्शनांतून आणि लेखांतून बाहेर आली. पण दुकानातील खुर्चीवर किंवा घड्याळावर ती दिसत नाहीत. ग्राहकाने खुर्ची घ्यावी ती बसून पाहून, नाव वाचून नव्हे.

एक उदाहरण घेऊ. नाओतो फुकासावा यांनी १९९९ मध्ये भिंतीवर टांगावयाचे एक गाणी वाजवणारे यंत्र योजले आणि नंतर मुजीने ते विकावयास आणले. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा असतो ना, तसे ते दिसते. खाली एक दोरी लोंबते. दोरी ओढली की आतील तबकडी पंख्यासारखी फिरते आणि गाणे सुरू होते. उपयोग कसा करावा हे कोणास शिकवावे लागत नाही, कारण दोरी ओढण्याची सवय हाताला आधीपासून असते. योजकाने नवी सवय लादली नाही. असलेली सवय ओळखली. अशा कामात योजकाचे कौशल्य दिसेनासे होते आणि तेच त्याचे यश असते. मुजीची माणसे लोकांच्या घरी जाऊन ती कशी राहतात, साबण कोठे ठेवतात, ओला पंचा कोठे टाकतात, हे पाहून टिपून घेतात आणि त्यातून वस्तू ठरवतात. मग अशा वस्तूचा कर्ता एकटा योजक कसा म्हणावा? ज्या बाईने पंचा दाराच्या कडीला अडकवला, तिचाही त्यात भाग आहेच.

या विचाराची मुळे जपानमध्ये जुनी आहेत. सोएत्सु यानागी नावाच्या विचारवंताने १९२५ च्या सुमारास आपल्या कुंभार मित्रांसह 'मिंगेइ' असा नवा शब्द काढला. त्याचा अर्थ लोकांची कला. खेड्यातील कुंभाराने दिवसाला शेकड्यांनी वळलेली, कोणाचीही सही नसलेली वाटी ही सही असलेल्या कलाकृतीहून सुंदर असू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३६ मध्ये त्यांनी तोक्योला अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. त्याच संग्रहालयाचे संचालकपद २०१२ मध्ये फुकासावांकडे आले, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्हींचा संबंध ध्यानात येईल. मुजीचे दुसरे सल्लागार केन्या हारा यांनी हेच निराळ्या रीतीने मांडले. 'मला हेच हवे' असे ग्राहकाने म्हणावे असा इतरांचा आग्रह असतो. आमच्या वस्तूस त्याने 'हे पुरेसे आहे' असे समाधानाने म्हणावे, अशी त्यांची भूमिका.

हे सारे वाचताना आम्हास वारंवार वर्ध्याची आठवण होत होती. यवतमाळहून एस.टी.ने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत मगनवाडीत पोचतो. तेथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले. ज्यांच्या नावाने ते आहे ते मगनलाल गांधी खादीच्या तंत्राचे पहिले अभ्यासक. ते १९२८ मध्ये वारले. आम्ही त्या संग्रहालयात तीन-चार वेळा गेलो आहोत. प्रत्येक वेळी चरख्यांपाशी आमचा वेळ अधिक जातो. कारण नाव न लावणाऱ्या योजकांचा इतिहास आपल्या शेजारच्या जिल्ह्यात मुजीच्या कितीतरी आधी घडून गेला आहे.

त्यातील काही गोष्टी सांगतो. पायाने फिरवावयाचा, दोन्ही हातांनी दोन चात्यांवर सूत काढता येईल असा एक चरखा निघाला. तो प्रभुदास गांधी यांनी योजला. परंतु त्याला नाव दिले 'मगन चरखा'. पेटीत घडी करून ठेवता येणाऱ्या चरख्याला लोक 'येरवडा चक्र' म्हणू लागले. नाव पडले ते तुरुंगाचे. धनुष्य तकली योजणारे मॉरिस फ्रिडमन हे पोलंडातून आलेले इंजिनियर. ते खादीच्या कामात भारतानंद या नावाने वावरले. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनीच इंग्रजीत आणली. गोडे तेल जाळणारा एक कंदील मगनवाडीत तयार झाला, घासलेटावाचून खेड्यात उजेड पडावा म्हणून. त्याला 'मगन दीप' म्हणतात. तो कोणी जुळवला, हे विचारणारा मनुष्य आम्हाला तेथे भेटला नाही.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्या काळचे एक लाख! अटी वाचण्यासारख्या होत्या. यंत्र हलके असावे. खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. बाईला आठ तास फारसे न थकता चालवता यावे. तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि दुरुस्ती खेड्यातच व्हावी. शेवटची अट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. शोध लावणाऱ्याने हवे तर स्वामित्वहक्क नोंदवावा, परंतु बक्षीस पाहिजे असेल तर तो हक्क संघाच्या स्वाधीन करावा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात बनलेला चरखा या स्पर्धेत कसोटीला उतरवला गेला. बक्षीस मात्र कोणासच मिळाले नाही. पण अटीचा अर्थ स्पष्ट आहे. गावच्या सुताराने चरखा पाहावा, तसाच दुसरा करावा, आणि कोणाची परवानगी मागण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. येथे नाव सोडणे हे नक्कल करण्याची मोकळीक देण्यासाठी होते. मुजीची वस्तू मात्र बिननावाची असली तरी कंपनीची मालमत्ता आहे. दोन्हीकडे छाप नाही, तरी दोहोंत हा फरक आहे.

दुसरा फरक मजुरीचा. मुजीने स्वस्ताईचे कारण सांगितले. खादीवाल्यांना एकदा महागाईचे कारण सांगावे लागले. कातणाऱ्या बाईला दिवसाकाठी काही पैसे मिळत आणि त्यावर तिचे पोट भरत नसे. गांधीजींच्या मनात तासाला एक आणा दर होता. १९३५ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला, की आठ तासांच्या कुशल कामाबद्दल कातणाऱ्याला निदान शास्त्राप्रमाणे पुरेसे अन्न आणि वर्षाला वीस वार कापड मिळेल एवढी मजुरी मिळाली पाहिजे. खादीची विक्री कमी होईल ही भीती होतीच. तरीही किंमत वाढवली आणि ग्राहकाला त्याचे कारण सांगितले. सरकारचा किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये आला. हा ठराव त्याच्या तेरा वर्षे आधीचा. विनोबांनी तर नालवाडीला स्वतः कातून, कताईच्या मजुरीवर जगता येते का, हे अंगावर घेऊन पाहिले होते. किंमत ठरवणाऱ्याने आधी ती मजुरी जगून पाहावी, असे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात आम्हास दुसरे आढळले नाही.

येथवर ज्यांची गोष्ट सांगितली त्यांनी आपले नाव आपल्या इच्छेने बाजूला ठेवले. आता ज्यांना कोणी विचारलेच नाही त्यांच्याकडे वळतो, कारण आमचे आयुष्य त्यांच्यात गेले आहे.

आम्ही तरुणपणी या जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये कामाला होतो. रेच्यावर कापूस लोटताना रेजांचे हात रुळाजवळ जात. बोटे गेल्याचे प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तेथील एका फिटरने जुन्या पत्र्याचा एक वाकवलेला उतार करून रेच्याला बसवला. कापूस त्यावरून आपोआप घसरे, आणि हात रुळापासून हातभर लांब राही. त्याने तो रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीत, टाकाऊ पत्र्यातून केला होता. महिन्याभरात मालकाने तसे उतार सगळ्या रेच्यांना लावून घेतले. वर्षभरात दुसऱ्या दोन कारखान्यांत ते दिसू लागले. पुढच्या करारात आम्ही मागणी केली, की अशा सुधारणांची नोंदवहीत नावानिशी नोंद व्हावी आणि करणाऱ्याला एक वेतनवाढ द्यावी. मालक म्हणाले, "पत्रा माझा, वेळ माझा, मग त्याचे नाव कशाला?" वेळ त्याच्या जेवणाच्या सुट्टीचा होता, हे आम्ही सांगून पाहिले. नोंद झाली नाही. वेतनवाढही मिळाली नाही. दोन करारांनंतर नोंदवहीचे एक कलम मान्य झाले, तेव्हा फिटर निवृत्त झाला होता. त्याचे नाव आम्ही येथे घालणार होतो. परंतु तो आज हयात नाही, आणि विचारल्यावाचून नाव छापणे हेही विचारल्यावाचून नाव पुसण्यासारखेच, असे वाटून थांबलो.

जपानी योजकाने सही केली नाही तरी त्याचे मानधन त्याच्या हाती पडते. काही वर्षांनी त्याचे नाव जाणकारांत होते आणि नवी कामे चालून येतात. आमच्या फिटरला यांतील काहीच मिळाले नाही. म्हणून बिननावाच्या कामाची थोरवी कोणी गाऊ लागला की आम्ही प्रथम विचारतो, नाव कोणी काढले? त्याने स्वतः, की दुसऱ्याने?

येथे एक शंका निघेल. आपल्या जुन्या वस्तूंवर तरी कोणाचे नाव होते? शंका रास्त आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन योजक दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यांना भारतात सर्वांत सुंदर वस्तू कोणती वाटली, तर आपला तांब्या. तो कोणा एकाने योजलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी तो कमरेवर घेतला, कलता करून पाणी ओतले, राखेने घासला, आणि तांबटाने त्याप्रमाणे त्याचा गळा नि पोट बदलत नेले. पण हे नाव नसणे आणि कारखान्यातील नाव नसणे एक नव्हे. पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांवर आम्ही संघटनेच्या कामासाठी पुष्कळ हिंडलो. फेटियावरचे किंवा कांचळीवरचे आरशांचे भरतकाम दाखवले की म्हातारी बाई हे कोणाच्या हातचे ते सांगते. कापडावर सही नाही, तरी तांड्याला हात ओळखू येतो. जेथे नाव कळण्याची गरज आहे तेथे ते कळते. कारखान्याच्या मालात ही ओळख मधल्यामध्ये तुटते. शिवणारी बाई एका देशात आणि घालणारा दुसऱ्या देशात.

तेव्हा छाप म्हणजे केवळ बढाई, असे समजून चालणार नाही. छापाची दोन कामे असतात. एक मिरवण्याचे, दुसरे जबाबदारी ठरवण्याचे. दुसरे काम किती महत्त्वाचे असते ते २४ एप्रिल २०१३ रोजी दिसले. त्या दिवशी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यांत बायका पुष्कळ. कोणत्या कंपन्यांचा माल तेथे शिवला जात होता, हे ठरवताना चळवळीच्या लोकांनी ढिगाऱ्यातून कपड्यांच्या पट्ट्या उकरून काढल्या. गळ्याशी शिवलेली ती बोटभर चिंधी पुरावा ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात इमारतींच्या सुरक्षिततेसंबंधी कामगार संघटनांनी अनेक कंपन्यांशी करार केला, त्यामागे या पुराव्याचेही बळ होते. त्या ढिगाऱ्यात जर सगळा माल बिनछापाचा असता तर? हा प्रश्न आम्ही कोणास हिणवण्यासाठी विचारीत नाही. मुजीच्या कपड्यालाही आतून पट्टी असते आणि ती असलीच पाहिजे.

मुजीसही हा प्रश्न चुकला नाही. योजकाचे नाव झाकणाऱ्या या कंपनीने २०१९ मध्ये शिंजियांगच्या कापसाचे नाव घेऊन आपल्या सदऱ्यांची जाहिरात केली. चीनच्या त्या प्रांतात उइगुर लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जाते, असे आरोप त्या वेळी जगभर होत होते. त्यामुळे मोठी टीका झाली. कापसाचे गाव सांगितले म्हणजे कापूस वेचणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्यामागोमाग येणारच. आपणही कापसाच्या गावचे आहोत. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे कापूस बाहेर नेण्यासाठी घातली गेली. तो कापूस मुंबईच्या गोदीवरून विलायतेस जाई. आज येथील लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड विणले जाते. पण पँट घालणाऱ्याला यवतमाळ ठाऊक नसते. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर औषध फवारताना या जिल्ह्यातील किती तरी शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या वर्षीच्या बोंडांचाही कोठे तरी सदरा झालाच असेल. त्याच्या पट्टीवर 'शंभर टक्के सुती' एवढेच लिहिलेले असेल.

मुजीचे भारतातील पहिले दुकान २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत लोअर परळला उघडले. ते ज्या आवारात उघडले ते पूर्वी फिनिक्स मिलचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्यानंतर गिरण्या आणि गिरणगाव यांचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या गिरण्यांतही साडीचे काठ आणि चादरीचे चौकडे योजणारे लोक होते. गाठीवर छाप पडे तो गिरणीचा. आमच्या सभासदाच्या मुलाने तो सदरा याच आवारातून आणला होता. तेथे पूर्वी काय होते हे त्यास माहीत नव्हते. त्याच्या वडिलांना माहीत होते. विदर्भाच्या रुईच्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत जात, हे त्यांनी त्यास सांगितले.

आता कोणी म्हणेल, की मग तुम्ही या दुकानाच्या बाजूचे की विरुद्ध? त्याची तीन-चार गुणसूत्रे आम्हास मनापासून पटतात. नावासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. अनावश्यक रंग, वेष्टन, झिलई टाळावी. वस्तू वापरणाऱ्याच्या सवयीला धरून योजावी. आणि जे स्वस्त त्याचे कारण सांगावे. आमचे म्हणणे इतकेच, की कारण पुरते सांगावे. अळंबी फुटकी आहे म्हणून स्वस्त, हे अर्धे कारण. शिवणारीला आठ तासांचे काय मिळाले, कापूस वेचणारीला किलोमागे काय मिळाले, हे उरलेले अर्धे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मंडळींनी ते उरलेले अर्धे सांगितले होते, आणि त्यासाठी गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवली होती. शिवाय ज्याने सुधारणा केली त्याचे नाव वस्तूवर न घातले तरी चालेल, पण कारखान्याच्या वहीत आणि पगाराच्या चिठ्ठीत ते असावे. मग त्याने खुशाल म्हणावे, की माझे नाव नको. तेव्हाच त्याच्या 'नको' या शब्दाला काही अर्थ येईल.

मुजीची एक छत्री आहे. तिच्या मुठीला एक लहानसे भोक ठेवलेले आहे. सगळ्यांच्या छत्र्या सारख्या दिसतात म्हणून ज्याने त्याने त्या भोकात आपली खूण बांधावी, असा हेतू. कोणी दोरा बांधतो, कोणी मणी. आम्हाला ही योजना फार आवडली. कंपनीने आपली खूण काढून घेतली आणि वापरणाऱ्याच्या खुणेसाठी जागा ठेवली. अशीच एक जागा करणाऱ्याच्या खुणेसाठीही ठेवता येईल, आणि ती ठेवण्यास छत्रीएवढेही कौशल्य लागत नाही. नोंदवहीत एक रकाना वाढवला की झाले.

आमच्या जिनिंगच्या करारातील ते कलम अजून आहे. आजवर त्या वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यांतील चार रेजांच्या आहेत. एकीने कापसातील कचरा वेगळा करण्यासाठी बाजेच्या सुतळीची चाळणी विणली, ती आता तीन ठिकाणी वापरात आहे. वहीत नाव घालताना तिला विचारले, नाव लिहायचे का? ती म्हणाली, "लिवा ना. मंग काय दुसऱ्याचं लिवता?"

ज्यांना सवड असेल त्यांनी घरी गेल्यावर आपल्या अंगातील सदऱ्याच्या गळ्याशी जी पट्टी आहे ती वाचून पाहावी, आणि तिच्यावर काय लिहिलेले नाही याचाही थोडा विचार करावा.